मार्गकथन आणि कुलवृत्तान्त : ह्मोंग निर्वासितांच्या स्मृतिपरंपरेचा विचार

कागदपत्रांवर पोसलेल्या इतिहाससंशोधकास, ज्या समाजाजवळ कागदच नाही अशा समाजाच्या इतिहासाकडे वळताना साहजिकच संकोच वाटतो. अशा समाजाला इतिहासच नाही, असे तो उघडपणे म्हणत नाही. परंतु त्याच्याजवळ दंतकथा आहेत, लोकगीते आहेत, असे म्हणून तो हा विषय मानववंशशास्त्राच्या स्वाधीन करून मोकळा होतो. ह्मोंग लोकांच्या बाबतीत पुष्कळ काळ हेच घडत आले. वस्तुतः आपल्या कुटुंबाचा वृत्तान्त पिढ्यान्‌पिढ्या जतन करण्याची एक निश्चित पद्धती ह्या लोकांनी सिद्ध केलेली होती व काही अंशी ती अद्यापि टिकून आहे. मात्र तिचे स्वरूप वंशावळीचे नसून मार्गाचे आहे. कोण कोणाचा पुत्र, ह्यापेक्षा कोण कोठून कोठे गेला, हे ती सांगते. निर्वासितपणामुळे ह्या पद्धतीवर कोणता परिणाम झाला, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय होय.

प्रथम नावाविषयी थोडे. 'ह्मोंग' ह्या नावाचा आरंभीचा ध्वनी मराठीतील 'म्हण', 'म्हैस' ह्या शब्दांतील 'म्ह'हून निराळा आहे. मराठीत घोष मकाराला महाप्राणाची जोड मिळते. तेथे मकार स्वतःच अघोष होतो. म्हणून 'म्होंग' असे न लिहिता 'ह्मोंग' असे लिहिणेच बरे. श्वेत ह्मोंग ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बोलीत हा ध्वनी आहे; हरित ह्मोंगांच्या बोलीत तो नाही व ते स्वतःस 'मोंग' म्हणवितात. एका ध्वनीचा हा भेद किरकोळ नव्हे. २००३ साली कॅलिफोर्निया राज्याच्या शालेय अभ्यासक्रमात ह्या लोकांच्या इतिहासाचा समावेश करण्याचा प्रस्ताव विधिमंडळापुढे आला, तेव्हा त्यात केवळ 'ह्मोंग' हेच रूप असल्याबद्दल 'मोंग' म्हणविणाऱ्यांनी हरकत घेतली होती. आपण कोण, हा प्रश्न निर्वासितांच्या पुढे असा अक्षराच्या रूपाने उभा राहतो.

दक्षिण चीनमधील ग्वेइचौ, युन्नान इत्यादी डोंगराळ प्रांतांतून ह्या लोकांच्या काही शाखा १९व्या शतकात उत्तर व्हिएतनाम, लाओस व पुढे थायलंड ह्या प्रदेशांत उतरल्या. चीनमध्ये त्यांची गणना 'म्याओ' ह्या व्यापक वर्गात होते. लाओसमध्ये त्यांना 'मेओ' म्हणत आणि ते नाव त्यांना अपमानास्पद वाटे. १९६१ पासून अमेरिकेच्या गुप्तचर खात्याने वांग पाओ ह्या ह्मोंग सेनानीच्या नेतृत्वाखाली लाओसच्या डोंगरांत एक गुप्त सैन्य उभारले. लोंग तिएंग हे त्याचे मुख्य ठाणे. मे १९७५ मध्ये हे ठाणे पडले, वांग पाओला विमानाने बाहेर नेण्यात आले आणि हजारो कुटुंबे जंगलांतून वाट काढीत, मेकाँग ओलांडून थायलंडमध्ये शिरली. येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण निर्वासितांच्या सार्वजनिक कथनात ती सहसा येत नाही. सर्वच ह्मोंग एका पक्षाचे नव्हते. व्हिएतनामच्या सीमेवरील नोंग हेत ह्या भागात लो व ली ह्या दोन कुळांचे वैर होते. ली कुळातील तूबी लीफोंग हा फ्रेंचांच्या व पुढे राजपक्षाच्या बाजूस राहिला, तर लो कुळातील फायदांग हा क्रांतिपक्षास मिळाला. हा फायदांग तूबीचा मामा होता. ज्याला जागतिक शीतयुद्धाचे एक प्रकरण म्हणून अभ्यासतात, त्याच्या मुळाशी असा सोयरिकीचा इतिहासही आहे.

ह्मोंग समाज पितृवंशीय कुळांत विभागलेला आहे. एका कुळाच्या स्त्रीपुरुषांनी परस्परांशी विवाह करावयाचा नाही, हा निर्बंध आपल्याकडील सगोत्र-विवाहाच्या निषेधासारखाच कडक आहे. परंतु कुळाचे नाव एवढ्याने नाते ठरत नाही. एकाच कुळनावाचे दोन अनोळखी पुरुष भेटले, म्हणजे ते एकमेकांस पितरांच्या विधीविषयी प्रश्न विचारतात. नैवेद्याचे भाग किती मांडता, थडगे कोणत्या पद्धतीने रचता, अशा स्वरूपाचे ते प्रश्न असतात. उत्तरे जुळली की ते एकाच शाखेचे ठरतात. आणि ह्या नात्याची कसोटी अशी की, अशा दोघांपैकी कोणासही दुसऱ्याच्या घरात मृत्यू आला तरी चालतो. ज्यांना दोन-चार पिढ्यांपलीकडच्या पूर्वजांची नावे सांगता येत नाहीत, अशी माणसेही विधीच्या तपशिलावरून आपले नाते अचूक ओळखतात. नावांची साखळी तुटली तरी आचाराची साखळी शाबूत राहते. शपथेवर लिहून दिलेल्या वंशावळीपेक्षा हे प्रमाण कमी विश्वसनीय मानण्याचे कारण दिसत नाही.

ह्या परंपरेचा गाभा मात्र अंत्यविधीतील एका दीर्घ पठणात आहे. त्यास 'खुआ के' म्हणतात; मार्ग समजावून सांगणे, असा त्याचा अर्थ. अंत्यविधी अनेक दिवस चालतो. त्याच्या प्रारंभी जाणता मार्गदर्शक मृताच्या शेजारी उभा राहून त्याच्या आत्म्यास परतीची वाट सांगतो. जेथे मृत्यू आला तेथून आरंभ करावयाचा, मग त्यापूर्वीचे वस्तीचे ठिकाण, मग त्याच्याही आधीचे, असे एकेक गाव नावाने उच्चारीत उलट्या क्रमाने जन्मस्थानापर्यंत जावयाचे. प्रत्येक ठिकाणी थांबून तेथल्या भूदेवतांचा निरोप घ्यावयाचा असतो, कारण मृताने तेथले पाणी प्यालेले असते, तेथले सरपण जाळलेले असते आणि त्याचे ऋण फेडल्यावाचून पुढे जाता येत नाही. जन्मस्थानी पोहोचल्यावर आत्म्याने आपली वार घ्यावयाची असते. ह्मोंग भाषेत वारेला जो शब्द आहे, त्याचा शब्दशः अर्थ 'बाळाचा अंगरखा' असा होतो. मुलाची वार घराच्या मुख्य खांबाजवळ पुरतात, मुलीची आईबापांच्या शय्येखाली. तो अंगरखा अंगावर चढवून मगच पितरांकडे प्रयाण करता येते. 'जेथे नाळ पुरली ती भूमी' हा मराठीतील वाक्प्रचार ज्यांच्या कानांवरून गेला आहे, त्यांना ही कल्पना फारशी परकी वाटणार नाही. भेद इतकाच की, मराठीत जे भावनेच्या भाषेत उरले आहे, ते येथे प्रत्यक्ष प्रवासाचे अंतिम स्थानक आहे.

इतिहासाच्या दृष्टीने ह्या पठणाचे महत्त्व उघड आहे. प्रत्येक मृत व्यक्तीबरोबर तिच्या स्थलांतरांची संपूर्ण यादी, क्रमाने, आप्तांच्या समक्ष, मोठ्याने उच्चारली जाते. मार्गदर्शक ही यादी स्वतः रचीत नाही. ती त्याला घरच्या वडीलधाऱ्यांकडून मिळवावी लागते. एखादे गाव चुकले तर आत्मा वाटेत अडकतो, अशी श्रद्धा असल्यामुळे यादीची छाननी आपोआपच होते. दुसरे असे की, पितृवंशीय वंशावळीत स्त्रियांना स्थान नसते, परंतु ह्या मार्गात असते. लग्नानंतर सासरच्या कुळाची झालेली स्त्री मृत्यूनंतर सासरच्या गावांमधून मागे मागे जात माहेरच्या घरापर्यंत, आईबापांच्या शय्येपर्यंत पोहोचते. कोणत्याही वंशावळीत न सापडणारे तिचे माहेर येथे उच्चारले जाते. ह्या अंगाकडे अभ्यासकांचे द्यावे तितके लक्ष गेलेले नाही.

ते न जाण्यास एक कारण आहे. फ्रेंच मिशनरी साव्हिना ह्याने १९२४ साली म्याओ लोकांचा इतिहास लिहिला, तेव्हा त्याने त्यांच्या कथांतील शीत प्रदेश, दीर्घ रात्री ह्यांचा आधार घेऊन त्यांचे मूळ पार उत्तरेकडे व पश्चिमेकडे शोधण्याचा खटाटोप केला. तेव्हापासून परंपरागत पाठांतून वंशाचे आदिस्थान हुडकण्याची ओढ अनेकांना लागली. ह्या तर्कांचा पाया मुळातच ठिसूळ होता. परंतु त्याहून मोठी हानी ही झाली की, हजारो वर्षांमागचे हिमप्रदेश शोधण्याच्या नादात पठणातली साठ-सत्तर वर्षांतली गावे, म्हणजे जो भाग निश्चितपणे ऐतिहासिक होता तोच, दुर्लक्षित राहिला.

निर्वासितपणात ह्मोंगांच्या वाट्याला प्रथमच मोठ्या प्रमाणावर कागद आला. थायलंडच्या लोएई प्रांतातील बान विनाई ही छावणी १९७५ पासून १९९२ पर्यंत चालली. तेथून कुटुंबे अमेरिका, फ्रान्स, फ्रेंच गयाना, ऑस्ट्रेलिया येथे गेली. प्रत्येक कुटुंबाचे एक टिपण तयार झाले आणि त्यात जन्मतारीख, आडनाव, कुटुंबातील माणसे हे रकाने होते. ज्यांचा जन्म पेरणीच्या किंवा कापणीच्या हिशेबाने लक्षात होता, त्यांना तारखा चिकटविण्यात आल्या. वये सोयीनुसार कमी-अधिक सांगितली गेली. बहुपत्नीक कुटुंबांना अमेरिकन कायद्यात जागा नसल्यामुळे नात्यांची नावे बदलली. विवाहित पुरुषाला मुले झाल्यावर सासरची माणसे एक प्रौढ नाव देतात. ह्या प्रथेमुळे एकाच माणसाची दोन नावे नोंदींत येतात. कुळनावांचीही तीच गत. एकच 'ली' कुळ फ्रेंच वळणाने एका तऱ्हेने लिहिले जाते, इंग्रजी वळणाने दुसऱ्या व ह्मोंग रोमन लिपीत तिसऱ्या. तूबीचे 'लीफोंग' हे आडनाव तर कुळाचे नाव व बापाचे नाव जोडून झालेले आहे आणि ते पुढे त्याच्या वंशजांनी चालविले. जो इतिहाससंशोधक कागदाला अस्सल आणि तोंडी सांगण्याला दुय्यम मानतो, त्याने ह्या टिपणांपाशी थोडे थांबले पाहिजे. येथे कागद हाच प्रसंगोपात्त रचलेला आहे.

लिपीने ही उणीव भरून काढली असे म्हणता येईल काय? ह्मोंग भाषा लिहिण्यासाठी मिशनरी व भाषाशास्त्रज्ञ ह्यांनी लाओसमध्ये १९५० नंतरच्या पहिल्या तीन-चार वर्षांत रोमन लिपीची एक पद्धती बसविली. लिनवुड बार्नी, विल्यम स्मॉली आणि इव्ह बेर्त्रे हे तिचे कर्ते. ही भाषा सुरभेदक आहे. सूर बदलला की शब्द बदलतो. ह्मोंग अक्षरांच्या अंती नासिक्याखेरीज व्यंजन येत नसल्यामुळे अंत्य व्यंजनाची मोकळी जागा ह्या पद्धतीत सुरांच्या खुणांसाठी वापरली आहे. 'ह्मोंग' ह्या शब्दाच्या शेवटी 'बी' हे रोमन अक्षर लिहितात, ते उच्चारण्यासाठी नव्हे, तर उच्च सूर दाखविण्यासाठी. पुढे १९५९ साली शोंग लू यांग ह्या निरक्षर शेतकऱ्याने 'पहाउ' नावाची स्वतंत्र लिपी निर्माण केली. हिच्यात स्वरभाग आधी लिहितात व व्यंजन मागून, पण वाचताना व्यंजन आधी येते. देवनागरीतील ऱ्हस्व इकाराची जी तऱ्हा, तीच तेथे सर्व लेखनाला लागू आहे. अक्षरशत्रू माणसाने पूर्ण लिपी घडविल्याचे हे उदाहरण लिपिशास्त्रात विरळा होय. १९७१ साली शोंग लूची हत्या झाली. त्याची लिपी अनुयायांनी छावण्यांतून जिवंत ठेवली आणि २०१४ साली संगणकासाठीच्या युनिकोड ह्या जागतिक संकेतावलीत तिला स्थान मिळाले.

ह्या लिप्यांमुळे मार्गकथनाचे पाठ लेखनबद्ध झाले. झाक लमोआन ह्या फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञाने असा एक पाठ १९७२ साली प्रसिद्ध केला. त्यानंतर ह्मोंग लेखकांनीही आपापल्या परंपरेतील पाठ छापले. परंतु छापील पाठात नेमके काय उतरते? सृष्टीची उत्पत्ती, पहिले बी, पहिला कोंबडा, पितरांच्या वाटेवरील संकटे हा सर्वांना समान असलेला भाग उतरतो. गावांची नावे जेथे यावयाची, तेथे मात्र रिकामी जागा किंवा नमुन्यादाखल एखादे नाव असते, आणि ते अपरिहार्यच आहे. म्हणजे ग्रंथाने विधी टिकविला, पण त्या विधीत जो भाग कुटुंबाचा इतिहास होता तो ग्रंथाबाहेरच राहिला.

चित्रवस्त्रांची कथा फारशी वेगळी नाही. ह्मोंग स्त्रियांच्या भरतकामास 'पा न्दाउ', म्हणजे फुलांचे कापड, म्हणतात. त्यातील आकृती मूळच्या भौमितिक. मनुष्याकृती, विमाने, मेकाँग पोहून जाणारी माणसे ही सारी १९७५ नंतर थायलंडमधील छावण्यांत, विक्रीच्या निमित्ताने आली. रेखाटन पुष्कळदा पुरुषांचे, टाके स्त्रियांचे. गाव, बाँबवर्षाव, जंगल, नदी, छावणी, विमान असा ठरलेला क्रम त्यांत आढळतो. संग्रहालयांतून ही वस्त्रे आदराने मांडली जातात व ते उचितच आहे. तथापि त्यांतील गाव कोणाचेही असू शकते. निर्वासितांची एक सामाईक कथा त्यांनी तयार केली, आणि त्या सामाईक कथेने घराघरांतील निरनिराळ्या कथा हळूहळू झाकल्या. त्या मानाने छावणीतील व परदेशातील आप्त परस्परांना ज्या ध्वनिफिती पत्रांऐवजी पाठवीत, त्यांचे मोल अधिक आहे. त्यांत नावे आहेत, स्थळे आहेत, रडणे आहे. परंतु चुंबकीय फीत झिजते, आणि अशा कित्येक फिती अजून घरांतल्या खोक्यांतच पडून आहेत.

अमेरिकेत आज तीन लाखांहून अधिक ह्मोंग आहेत. सेंट पॉल हे त्यांचे मोठे केंद्र. तेथे ह्मोंग कागदपत्रांचा एक स्वतंत्र संग्रह आहे आणि २००४ पासून काँकॉर्डिया विद्यापीठात ह्मोंग अध्ययनाचे केंद्रही चालते. तेथल्या अंत्यविधिगृहांतून मार्गदर्शक आता सेंट पॉलपासून आरंभ करतो. मग बान विनाई, मग मेकाँग, मग लाओसमधील गावे, त्यांपैकी कित्येक युद्धात नष्ट झालेली. ज्या कुटुंबांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला त्यांच्या येथे हे पठण होत नाही. म्हणून त्यांची यादी म्हणावयास प्रसंगच उरला नाही. जी मुले सेंट पॉलच्या रुग्णालयात जन्मली, त्यांची वार कोठे गेली हे घरच्यांना बहुधा ठाऊक नसते. त्यांचा मार्ग त्याच शहरात, काही मैलांच्या अंतरात संपतो. अशा मृतासाठी पठण करताना आईबापांची गावे यादीत घ्यावयाची की नाही, ह्याचा निर्णय आता मार्गदर्शकांना व कुटुंबांना करावा लागणार आहे. आणि घ्यावयाची असल्यास ती कोणाला विचारून घ्यावयाची, हेही त्यांनाच ठरवावे लागेल.