दिव्यांग बालकांचे समावेशक शिक्षण आणि घरची बोली

शाळाप्रवेशाचे दिवस आले की आपल्या धर्मग्रामांतील काही आईवडील एका शाळेतून दुसऱ्या शाळेत हेलपाटे घालताना दिसतात. त्यांचे मूल उशिरा चालू लागलेले असते, त्याला कमी ऐकू येते किंवा ते स्वमग्न असते. शाळेत त्यांना दुरुत्तर मिळते असे नाही. बहुधा सौजन्यानेच सांगितले जाते की, आमच्याकडे अशा मुलांची सोय नाही, तुम्ही दुसरीकडे पाहा. हे ‘दुसरीकडे’ पुष्कळदा जवळपास कोठेच नसते. त्यातून ते कुटुंब डहाणू-तलासरीकडील वारली असेल, किंवा कामधंद्यासाठी केरळ, तामिळनाडू वा झारखंडहून येऊन नालासोपारा-विरारला स्थायिक झालेले असेल, तर नकाराचे कारण विचारण्याइतकी भाषाही त्यांच्यापाशी नसते. अशा कुटुंबांच्या बाजूने या विषयाचा विचार व्हावा म्हणून हा लेख आम्ही सादर करीत आहोत.

प्रथम शब्दाचा अर्थ. दिव्यांग मुलाला वर्गात मागच्या बाकावर बसू देणे म्हणजे समावेशक शिक्षण नव्हे. दिव्यांग आणि इतर मुले एकत्र शिकतात, आणि शिकवण्याची पद्धत त्या सर्वांना झेपेल अशी बदलून घेतली जाते, ते समावेशक शिक्षण. येथे बदलायचे असते ते शाळेने. 1994 साली स्पेनमधील सालामांका येथे भरलेल्या जागतिक परिषदेने हा विचार मांडला. भारताने 2007 साली मान्यता दिलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क करारातही तो आहे. आपल्याकडे त्याची मुळे याहून जुनी आहेत. मिठू अलूर यांच्या कन्येला सेरेब्रल पाल्सी होती. 1972 साली त्यांनी मुंबईत स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था स्थापन केली. खास शाळेपासून सुरुवात केलेल्या या संस्थेने पुढे स्वतःच समावेशक शिक्षणाचा मार्ग धरला. आज ती ‘अडॅप्ट’ या नावाने ओळखली जाते.

कायदा काय सांगतो?

1995 च्या अपंग व्यक्ती कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. त्याच्या जागी आलेल्या 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात ते एकवीस झाले. स्वमग्नता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, थॅलेसेमिया, सिकलसेल यांचाही त्यात समावेश झाला. 40 टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या 6 ते 18 वर्षांच्या प्रत्येक मुलाला जवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या खास शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क या कायद्याच्या 31 व्या कलमाने दिला आहे. निवड कुटुंबाची आहे, हे येथे ध्यानात घ्यावे. काही मुलांना खास शाळाच अधिक मानवते आणि तशी शाळा निवडणाऱ्या आईवडिलांना कोणी कमी लेखू नये. मात्र मुख्याध्यापकांनी परस्पर केलेली निवड ही निवड नव्हे.

आपल्या शाळांच्या व्यवस्थापनांकडून एक युक्तिवाद ऐकू येतो. आपल्या शाळा अल्पसंख्याकांच्या असल्याने हे बंधन आपल्याला नाही, असा तो युक्तिवाद. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2009 चा शिक्षण हक्क कायदा अल्पसंख्याक शाळांना लागू होत नाही असा निर्णय दिला, हे खरे. 2025 साली त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी त्या निर्णयाविषयी शंका व्यक्त करून तो प्रश्न मोठ्या पीठापुढे नेण्यासाठी सरन्यायाधीशांकडे पाठवला, हेही खरे. परंतु दिव्यांग हक्क कायदा वेगळा आहे. त्याच्या 16 व्या कलमात शासनाने अनुदान वा मान्यता दिलेल्या सर्व शिक्षणसंस्थांचा उल्लेख असून अल्पसंख्याक संस्थांना त्यातून वगळलेले नाही. भेदभाव न करता प्रवेश, इमारतीत सुलभ वावर, गरजेनुसार वैयक्तिक साहाय्य, ने-आणीची सोय या गोष्टी त्यात येतात. शासनाने तसा ‘प्रयत्न करावा’ अशी त्या कलमाची सुरुवात मवाळ आहे. पण ख्रिस्ती शाळेने त्या मवाळपणाचा आधार शोधावा, हे आम्हांला पटत नाही. दहावीच्या शंभर टक्के निकालाचा फलक लावण्याची जी चढाओढ आपल्याकडे आहे, तीच पुष्कळदा अशा मुलाच्या वाटेत आडवी येते, हे एकदा स्पष्टपणे बोलले गेले पाहिजे.

शाळांची अडचणही खोटी नाही. प्रशिक्षित विशेष शिक्षक मिळत नाहीत. 2021 साली सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिक स्तरावर दहा दिव्यांग मुलांमागे एक आणि त्यापुढील स्तरावर पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण सांगितले. प्रत्यक्षात ते गाठलेले नाही. अशा वेळी जवळच्या तीन-चार धर्मग्रामांच्या शाळांनी मिळून एक विशेष शिक्षक नेमणे अशक्य नसावे.

घरची बोली सोडू नये

आता आमच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. आपल्या धर्मप्रांतात एकाच ख्रिस्तमंदिरात जमणाऱ्या कुटुंबांच्या घरांत सामवेदी अर्थात कादोडी, वाडवळी, कोळ्यांची बोली, वारली, कोंकणी, मल्याळम, तमिळ, हिंदी अशा नाना बोली नांदतात. मूल दिव्यांग आहे असे कळले की आईवडिलांना हमखास एक सल्ला मिळतो. घरात एकच भाषा बोला, शक्यतो शाळेची; नाहीतर मूल गोंधळून जाईल. कधी शिक्षक असे सांगतात, कधी शेजारी, कधी डॉक्टरही. आईवडील भाबडेपणाने तो पाळतात. आईला इंग्रजी जेमतेम येत असते, तरी ती मुलाशी मोजक्या, तुटक इंग्रजी वाक्यांत बोलू लागते. आजीला तर तेही येत नाही, म्हणून आजी गप्प होते.

हा सल्ला चुकीचा आहे. कॅनडातील एलिझाबेथ के-रेनिंग बर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 साली डाउन सिंड्रोम असलेल्या द्वैभाषिक मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तेवढ्याच विकासपातळीच्या एकभाषिक मुलांपेक्षा ही मुले इंग्रजीत मागे नव्हती, आणि वर त्यांना दुसरी भाषाही येत होती. स्वमग्न मुलांविषयी नंतर झालेल्या अभ्यासांतही दोन भाषांमुळे अधिक हानी होते असे आढळले नाही. दिव्यांगत्वामुळे भाषा उशिरा येते, ती दोन्ही भाषांत उशिरा येते. एक भाषा काढून घेतल्याने दुसरी लवकर येत नाही.

यामागील कारण समजायला अवघड नाही. मूल भाषा शिकते ते भरपूर आणि जिव्हाळ्याचे बोलणे कानांवर पडल्याने. आई आपल्या बोलीत रागावते, लाडावते, गोष्ट सांगते, जेवताना दहा प्रश्न विचारते. परक्या भाषेत ती केवळ आज्ञा देते. ज्या मुलाला आधीच इतरांशी बोलणे जड जाते, त्याच्याशी बोलणारी माणसेच घरात कमी होतात. सायंकाळी जपमाळेला सर्व घर बसते, मांडवात गाणी होतात, ओटीवर म्हातारी माणसे गप्पा मारतात, आणि या सगळ्यातून ते मूल बाहेर पडते. शाळेत समावेश करण्याच्या नादात घरातून त्याला वगळले जाते.

मग शिक्षकाने काय करावे? प्रवेशाच्या वेळी ‘घरी कोणती भाषा बोलता?’ हा प्रश्न विचारावा आणि उत्तर लिहून ठेवावे. आईकडून मुलाच्या रोजच्या वापरातले तीसेक शब्द मागून घ्यावेत: पाणी, भूक, शौचाला जायचे आहे, दुखते, नको, भीती वाटते, भावंडांची घरगुती नावे. वर्गात ते मूल अकस्मात रडू लागले तर हे तीस शब्द फार उपयोगी पडतात. चित्रांची पाने करून त्यांखाली दोन्ही भाषांतील शब्द लिहिले तर न बोलणारे मूलही बोट ठेवून सांगू शकते. यासाठी पैसा फारसा लागत नाही. स्पीच थेरपिस्टला त्या घरची बोली येत नसली तरी चालते. आईने कोणत्या रीतीने बोलावे हे त्यांनी शिकवायचे आणि शब्द आईने आपले वापरायचे.

कर्णबधिर मुलांच्या बाबतीत भाषेचा प्रश्न आणखी निराळा आहे. भारतीय सांकेतिक भाषा ही स्वतंत्र, परिपूर्ण भाषा आहे आणि ती मुलाबरोबर आईवडिलांनीही शिकावी लागते. कर्णबधिर व अंध मुलांना त्यांना योग्य अशा भाषेत व पद्धतीने शिकवावे, असे वर उल्लेखिलेले 16 वे कलमच सांगते.

अक्षमता की भाषेची अडचण?

मराठी माध्यमाच्या शाळेत आलेले वारली मूल पहिल्या वर्षी गप्प राहिले तर ते ‘मंद’ आहे असा शेरा फार लवकर मारला जातो. उलटही घडते. मुलाला खरोखरच कमी ऐकू येत असते आणि ‘त्याला अजून भाषा येत नाही, येईल हळूहळू’ असे म्हणत दोन वर्षे निघून जातात. दुसरी चूक आम्हांला अधिक घातक वाटते. श्रवणदोषाबाबत जगभर मानला जाणारा संकेत असा, की जन्मानंतर एका महिन्यात तपासणी, तीन महिन्यांत निदान आणि सहा महिन्यांत उपचारास आरंभ व्हावा. म्हणून शंका आली की सर्वप्रथम कानांची व डोळ्यांची तपासणी करून घ्यावी. वांद्रे येथील अली यावर जंग संस्था ही वाचा व श्रवण यांसाठीची राष्ट्रीय संस्था आहे.

त्यानंतर पाहायचे ते हे, की अडचण केवळ शाळेच्या भाषेत आहे की घरच्या बोलीतही? घरी गोष्ट नीट सांगणारे, निरोप अचूक पोहोचवणारे मूल शाळेत अडखळत असेल, तर त्याला भाषा शिकवण्याची गरज आहे. दोन्हीकडे अडखळत असेल तर तज्ज्ञांकडे न्यावे. वाचन-लेखनातील अक्षमतेसाठी पूर्वी बव्हंशी इंग्रजी चाचण्यांवर विसंबावे लागे. राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने ‘डाली’ नावाची चाचणी हिंदी, मराठी, कन्नड व इंग्रजी या भाषांत तयार केली आहे. मराठी माध्यमाच्या मुलांसाठी पालकांनी तिच्याविषयी आवर्जून विचारावे. मात्र घरी वारली वा मल्याळम बोलणाऱ्या मुलाची मराठी चाचणीही जपूनच वाचावी लागते.

तपासणीच्या वेळी दुभाषा म्हणून दहा-बारा वर्षांच्या थोरल्या भावंडाला पुढे केले जाते, ही प्रथा बंद व्हावी. आपल्या भावाला काय झाले आहे हे आईला सांगण्याचे ओझे त्या मुलावर टाकू नये. धर्मग्रामात त्या भाषेची जाणती माणसे असतात. लहान ख्रिस्ती समूहांनी अशा दोन-तीन व्यक्तींची नावे ठेवावीत आणि वेळ पडल्यास कुटुंबाबरोबर रुग्णालयात जावे.

दोष कोणाचा?

योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाला पाहून शिष्य प्रभू येशूला विचारतात, पाप कोणाचे, याचे की याच्या आईवडिलांचे? प्रभू दोन्ही शक्यता नाकारतो. तरीही आजच्या घटकेला आपल्या घरांतून हा प्रश्न विचारला जातो आणि बहुतेक वेळा बोट सुनेकडे वळते. कोणी ग्रहणाचे नाव घेते, कोणी दृष्ट लागली म्हणते, कोणी भगताकडे जाते, कोणी वांद्र्याच्या मोतमाऊलीला मेणाचा पाय वाहते. श्रद्धेने केलेल्या नवसाची कोणी चेष्टा करू नये. दुःखी आईला तो आधार असतो. आमचे म्हणणे इतकेच, की नवस आणि तपासणी दोन्ही एकाच आठवड्यात होऊ शकतात. शिक्षक वा समाजसेवक त्या कुटुंबाच्या समजुतीला हसला, तर ते कुटुंब पुन्हा त्याच्याकडे येत नाही आणि नुकसान मुलाचे होते.

धर्मशिक्षण आणि संस्कार

आपले मूल प्रथम ख्रिस्तप्रसाद घेऊ शकेल का, हा प्रश्न विचारण्याचेही धाडस अनेक पालकांना होत नाही. चर्चची भूमिका येथे स्पष्ट आहे. कॅनन लॉच्या 777 व्या नियमाने शारीरिक वा मानसिक दिव्यांगांना त्यांच्या स्थितीनुसार धर्मशिक्षण मिळेल हे पाहण्याची जबाबदारी प्रमुख धर्मगुरूंवर टाकली आहे. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी 2007 च्या आपल्या पत्रात बौद्धिक दिव्यांग व्यक्तींना शक्य तेथे ख्रिस्तप्रसाद द्यावा, असे सांगितले. त्यांना साथ देणाऱ्या ख्रिस्तसभेच्या श्रद्धेतही त्या व्यक्ती तो स्वीकारत असतात, असे त्यांचे स्पष्टीकरण आहे. 2020 च्या धर्मशिक्षण मार्गदर्शिकेनेही गंभीर दिव्यांगत्व असलेल्यांना संस्कारांपासून दूर ठेवू नये अशीच दिशा दाखवली. प्रार्थना पाठ येत नाहीत, हे कारण पुरेसे नाही. ज्या मुलाला आजीच्या बोलीतली एकच प्रार्थना येते, त्याची तयारी त्या प्रार्थनेपासून सुरू करता येते. मे 2024 मध्ये केरळमधील त्रिशूर येथे फादर जोसेफ तेर्मादम या कर्णबधिर तरुणाला गुरुदीक्षा मिळाली, आणि सांकेतिक भाषेत मिस्सा अर्पण करणारे धर्मगुरू आपल्या देशाला लाभले.

कागदपत्रे

दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड देशभर ग्राह्य असते. त्यामुळे परराज्यातून आलेल्या कुटुंबाने गावी काढलेले कार्ड येथे चालत नाही असे कोणी सांगितल्यास ते मानू नये. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व या चार प्रकारांसाठी 1999 च्या कायद्यान्वये स्थापन झालेला नॅशनल ट्रस्ट ‘निरामय’ ही आरोग्य विमा योजना चालवतो. तिच्यात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत खर्चाची तरतूद आहे. मूल अठरा वर्षांचे झाले की कायद्याने ते सज्ञान ठरते आणि आईवडिलांचे नैसर्गिक पालकत्व संपते. अशा वेळी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे कायदेशीर पालकत्वासाठी अर्ज करावा लागतो. मुलगा वा मुलगी सतरा वर्षांची होताच या कागदपत्रांच्या तयारीला लागणे सोयीचे पडते.