ड्रॅग रेसची गाडी अर्ध्या ट्रॅकवर दम का सोडते? पेट्रोल कमी पडतंय हे ओळखायचं कसं?

मंडळी, ड्रॅग रेस म्हणजे सरळ ट्रॅकवर पाव मैलाची, साधारण ४०२ मीटरची दौड. अमेरिकेत या खेळाची मोठी संघटना एनएचआरए १९५१ पासून आहे. तिच्या प्रो स्टॉक गटात २०१६ पासून फ्युएल इंजेक्शन आलं, पण हौशी रेसर्सच्या कितीतरी गाड्या आजही कार्बोरेटरवर धावतात. त्यांची एक तक्रार ठरलेली: गाडी सुटते झकास, पण अर्ध्यावर मरते.

कारण असं, की कार्बोरेटरच्या फ्लोट बाऊलमध्ये थोडं पेट्रोल आधीच साठलेलं असतं. सुरुवातीला गाडी त्या शिलकीवर पळते. मागून तेवढंच पेट्रोल आलं नाही की बाऊल रिकामा होतो, इंजिनात हवा जास्त आणि पेट्रोल कमी जातं, कार्बोरेटरमधून बार निघतात. तरीही ॲक्सिलरेटर दाबून धरला तर पिस्टन वितळू शकतो. काहीजण अशा वेळी मोठे जेट बसवतात. त्यानं बाऊल आणखी लवकर रिकामा होतो!

सगळे फसतात ते प्रेशर गेजला. उभ्या गाडीत काटा ७ पीएसआय दाखवतो, म्हणून पंपाला क्लीन चिट मिळते. घरचा नळ आठवा. तोंडाला अंगठा लावला की जोर जाणवतो, काढला की करंगळीएवढी धार. म्हणून गेज धावत्या गाडीत बघायचा, समोर छोटा कॅमेरा लावून. ट्रॅकच्या शेवटाकडे काटा पडत गेला तर दोष टाकीपासून गेजपर्यंतच्या वाटेत आहे. काटा स्थिर राहूनही गाडी मरत असेल, तर बाऊलच्या तोंडाची निडल-सीट लहान असेल, नाहीतर भानगड इग्निशनची.

मग धार मोजायची. इंजिन थंड आणि बंद, अग्निशामक हाताशी. कार्बोरेटरजवळची नळी काढून डब्यात सोडा आणि पंप चालू करून वेळ लावा. ८०० हॉर्सपॉवरच्या इंजिनाला पूर्ण जोरात मिनिटाला साधारण ४ लिटर पेट्रोल लागतं. डब्यात कमी पडलं तर टाकीचं झाकण उघडून पुन्हा मोजा. आता धार वाढली तर टाकीत हवा जायचं छिद्र बुजलंय. नाही वाढली तर फिल्टर, बारीक नळी, काटकोनी जोड आणि पंपापर्यंत पोचणारा व्होल्टेज तपासा.

डब्यात बरोबर ४ लिटर आले तरी खूश होऊ नका राव. पंप मागे, कार्बोरेटर पुढे. गाडी सुटताना नळीतलं पेट्रोल मागे ढकललं जातं. ३ मीटर लांब नळी आणि दीड जी वेगवाढ असेल, तर साडेचार पीएसआयहून जास्त प्रेशर यातच खर्ची पडतं. त्यामुळेच जाणकार पंप जास्त प्रेशरचा घेतात आणि ते कमी करणारा रेग्युलेटर कार्बोरेटरला खेटून बसवतात.