श्रीवर्धनची वाडी

श्रीवर्धनची वाडी म्हणजे रायगड जिल्ह्यातील श्रीवर्धन या किनारी शहरात राहत्या घरामागे जोपासली जाणारी नारळ-पोफळीची बाग होय. कोकणात ‘वाडी’ हा शब्द वस्तीसाठीही वापरतात. येथे तो केवळ बागेपुरता आहे. नगरपरिषदेच्या हद्दीत असूनही अशा वाड्या अनेक कुटुंबांच्या घरखर्चाचा आधार आहेत. त्यांचे क्षेत्र बहुधा गुंठ्यांत मोजले जाते.

== रचना व पिके ==

वाळूमिश्रित जमीन, दमट हवा आणि विहिरीचे गोडे पाणी यांवर वाडी उभी असते. पूर्वी रहाटाने उपसलेले पाणी पाटांतून आळ्यांत सोडत. आता पंप वापरतात. लागवड मजल्यांसारखी असते: सर्वांत वर नारळ, त्याखाली पोफळ, सावलीत जायफळ, केळ व अळू, तर खोडांवर मिरी आणि नागवेल.

मुख्य उत्पन्न सुपारीचे. आकाराने मोठी व मऊ असलेली येथील ‘रोठा’ सुपारी प्रसिद्ध आहे. घड उतरवणारा कसबी गडी एका पोफळीच्या शेंड्यावरून झोका घेऊन दुसरी गाठतो. पिकलेली फळे सुमारे दीड महिना उन्हात वाळवून मग सोलतात. कोकण कृषी विद्यापीठाचे सुपारी संशोधन केंद्र श्रीवर्धन येथेच असून ‘श्रीवर्धनी’ ही जात या विद्यापीठाने प्रसारित केली आहे.

== निसर्ग चक्रीवादळ ==

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर धडकले आणि श्रीवर्धनच्या वाड्या उद्ध्वस्त झाल्या. पोफळीला एकच शेंडा असल्याने मोडलेले झाड पुन्हा फुटत नाही. वरची सावली गेल्यामुळे वाचलेल्या पोफळींची खोडे उन्हाने करपण्याचा धोकाही वाढला.

फळबागांसाठी जाहीर झालेली मदत हेक्टरी ५०,००० रुपये होती, म्हणजे गुंठ्याला सुमारे ५०० रुपये. २.७ मीटर अंतराच्या लागवडीत गुंठ्यात १३-१४ पोफळी बसतात. त्या हिशेबाने झाडामागे ४० रुपयेही पडत नाहीत. हेक्टरचे माप परसबागेला गैरलागू होते, ही बागायतदारांची तक्रार रास्त होती. पुढे शासनाने झाडनिहाय मदत ठरवली: नारळाला २५० व सुपारीला ५० रुपये.

नवी पोफळ फळास येण्यास साधारणतः पाच ते सात वर्षे लागतात. कोवळ्या रोपांना सावली लागते, म्हणून पुनर्लागवडीत आधी केळ लावतात. मधल्या काळातील थोडेफार उत्पन्नही तिच्यापासूनच मिळते.