फेल्स्पार (शब्दव्युत्पत्ती)

भूकवचाचा निम्म्याहून अधिक भाग ज्यांनी व्यापला आहे, त्या ॲल्युमिनियमयुक्त सिलिकेट खनिजांच्या गटाचे हे नाव ‘फेल्टश्पाट’ या जर्मन सामासिक शब्दावरून आलेले असून, १७४० मध्ये स्वीडनचे डानिएल टिलास यांच्या लेखनात ते प्रथम रुजू झाले. उत्तरपद ‘श्पाट’ याविषयी तंटा नाही : घाव बसताच सपाट, चकचकीत पापुद्र्यांनी फुटणाऱ्या दगडाला जर्मन खाणींत तो शब्द पूर्वापार चालत होता, आणि त्याच्या जागी इंग्रजांनी आपला जुना ‘स्पार’ बसविला. वाद आहे तो पूर्वपदाचा. ‘फेल्ट’ म्हणजे शेत. तेव्हा शेतांतून हा दगड विखुरलेला सापडतो म्हणून हे नाव, असे ब्र्यूकमान यांनी १७८३ मध्ये सुचविले, तर ग्रॅनाइटात या खनिजाचे जे वेगळे उठून दिसणारे पट्टे असतात तीच ही ‘शेते’, असा अर्थ फ्रेंच स्फटिकविज्ञ आयुई यांनी १८०४ मध्ये लावला.

आयुईंची कल्पना ओढूनताणून आणलेली वाटते खरी; परंतु आयुका या संस्थेच्या दुर्बिणीमुळे आता परिचित झालेल्या आंबेगाव तालुक्यातील गिरवलीचे नाव सह्याद्रीच्या ज्या बेसाल्ट-थराला भूवैज्ञानिकांनी दिले आहे, तो पाहणाऱ्यास ती सर्वस्वी त्याज्य वाटणार नाही. शिलारस पृष्ठावर येण्यापूर्वी भूगर्भात दीर्घकाळ साचून राहिल्याने त्यात प्लॅजिओक्लेज या फेल्स्पाराचे कित्येक सेंटिमीटर लांबीचे फिकट स्फटिक वाढले, आणि सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तो थिजला तेव्हा काळ्या पाषाणात ते जसेच्या तसे जडून राहिले. जुन्नरची लेणी ज्या बेसाल्टात कोरली त्यातही हेच खनिज आहे, मात्र बहुधा डोळ्यांस न दिसण्याइतके सूक्ष्म. (‘प्लॅजिओक्लेज’ हे नाव ब्राइटहाउप्ट यांनी १८४७ मध्ये ग्रीक धातूंपासून घडविले, अर्थ ‘तिरपे फुटणारे’.)

आयरिश रसायनज्ञ रिचर्ड कर्वन यांनी १७९४ मध्ये, पूर्वपद ‘फेल्ट’ नसून ‘फेल्स’ म्हणजे खडक असले पाहिजे, असे ठरवून इंग्रजी ‘फेल्डस्पार’मधला ‘ड’ काढून टाकला. या अनुमानास कोणताही जुना दाखला नव्हता. तथापि ‘फेल्स्पार’ हे रूप ब्रिटनमध्ये वहिवाटीने कायम झाले आणि तेथील पाठ्यग्रंथांबरोबर हिंदुस्थानात आले. मराठी विश्वकोशानेही तेच पत्करले आहे. व्युत्पत्तीच्या न्यायाने ‘फेल्डस्पार’ हेच अधिक शुद्ध होय, आणि अलीकडील मराठी लेखनात तेही आढळते.