रोग नाही, म्हणून औषधही नाही

औषधांच्या कायद्यांचा इतिहास हा तसा रुक्ष विषय. कलमे, पोटकलमे, व्याख्या यांपलीकडे त्यात काही असेल असे सहसा कुणाला वाटत नाही. पण वजन उतरवणाऱ्या गोळ्यांचा मागोवा घेताना मी पुन्हा पुन्हा या व्याख्यांपाशीच येऊन थांबलो. घातक गोळ्या वर्षानुवर्षे राजरोस विकल्या गेल्या, त्या अनेकदा कायद्यातल्या एखाद्या शब्दाच्या आडोशाने.

अमेरिकेत १९०६ साली अन्न व औषधांच्या शुद्धतेविषयी पहिला मोठा कायदा झाला. रोग बरा करण्यासाठी, त्याचा जोर कमी करण्यासाठी किंवा तो टाळण्यासाठी वापरतात ते औषध, अशी त्यातली व्याख्या. लठ्ठपणा तेव्हा रोगांत मोडत नव्हता. रोग नाही, म्हणून त्यावरची गोळी औषध नाही; आणि औषध नाही, म्हणून औषध खात्याला तिच्यावर हात टाकता येत नाही. तर्कशास्त्राच्या दृष्टीने यात खोट काढता येणार नाही.

‘मार्मोला’ नावाच्या गोळ्या याच फटीतून वाढल्या. त्यांत जनावरांच्या थायरॉइड ग्रंथीची पूड असे. ग्रंथी नीट काम करत असलेल्या माणसाने ती घेतली, तर वजन उतरते खरे, पण छातीत धडधड, हातांना कंप, निद्रानाश असा त्रास मागे लागतो आणि हृदयावर ताण येतो. या गोळ्यांच्या जाहिरातींविरुद्धचा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९३१ साली निकाल लागला तो उत्पादकाच्या बाजूने. जाहिरात दिशाभूल करणारी आहे असे धरले, तरी तिच्यामुळे प्रतिस्पर्धी व्यापाऱ्यांचे नुकसान झाल्याचे सिद्ध झालेले नाही, असे न्यायालयाचे म्हणणे. कायदा व्यापाऱ्याला व्यापाऱ्यापासून वाचवण्यासाठी होता. गोळी गिळणारी व्यक्ती त्या हिशेबात नव्हती.

या निकालानंतर दोनच वर्षांनी डायनायट्रोफिनॉल आले. हे पिवळे रसायन पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत पिक्रिक आम्लात मिसळून वापरत. तिथल्या कामगारांना दरदरून घाम फुटे, ताप चढे, वजन झपाट्याने घटे; काही जण दगावले. १९१९ साली याविषयीचा अहवाल अमेरिकेत छापूनही आला होता. १९३३ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातले मॉरिस टेंटर आणि विंडसर कटिंग यांनी त्याच रसायनाकडे औषध म्हणून पाहिले. त्याने चयापचयाचा वेग वाढतो आणि आहारात बदल न करताही वजन घटते, असे त्यांनी दाखवून दिले. डॉक्टरांच्या कडक देखरेखीशिवाय ते घेऊ नये, असेही त्यांनी बजावले होते. पण बाजाराने पहिले वाक्य उचलले आणि दुसरे सोडून दिले. वर्षभरातच अमेरिकेत किमान १,००,००० लोकांनी ते घेतले असावे, असा अंदाज खुद्द टेंटर यांनी मांडला. चिठ्ठीशिवाय, वेगवेगळ्या नावांनी ते दुकानांत मिळू लागले.

हे रसायन शरीरात करते काय? आपल्या पेशी अन्न जाळून त्यातली ऊर्जा एटीपी नावाच्या रेणूत साठवतात. डायनायट्रोफिनॉल ही साठवण मोडते. चूल पेटती राहते, पण वर भांडेच नसते. सगळी धग वाया जाते. ही धग म्हणजेच घटणारे वजन, आणि हीच धग म्हणजे ताप. गुण वेगळा आणि दुष्परिणाम वेगळा, असा प्रकार इथे नाहीच. मात्रा थोडी वाढली, की शरीराचे तापमान आवरत नाही आणि त्यावर उताराही नाही. १९३५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट नोंदवली. हे औषध घेतलेल्या तरुण स्त्रियांना मोतीबिंदू होत होते, काहींना तर गोळ्या बंद केल्यानंतर कित्येक महिन्यांनी. वजनकाट्यावरचा फरक आठवड्यात दिसला होता. डोळ्यांपुढचा अंधार सावकाश आला.

औषध खाते तरीही हतबल होते. गोळीच्या डबीवरचे नाव खरे, वजन उतरते हा दावाही खरा. मग खोटेपणाचा आरोप ठेवायचा कशावर? तिढा सुटला तो १९३८ साली. आदल्या वर्षी एका विषारी द्रावणात कालवलेल्या सल्फानिलमाइडने शंभराहून अधिक बळी घेतले होते, त्यांत पुष्कळ लहान मुले होती. त्या संतापातून नवा कायदा आला. त्यात औषधाच्या व्याख्येला एक पुस्ती जोडली गेली: शरीराच्या रचनेवर किंवा कार्यावर परिणाम घडवण्यासाठी असलेली वस्तू, हेही औषधच. लठ्ठपणा रोग आहे की नाही, हा प्रश्न तिथे निरर्थक ठरला. डायनायट्रोफिनॉल माणसाने खाण्यास अयोग्य ठरले.

पण व्याख्या बदलली म्हणून घाई बदलली नाही. १९९० च्या दशकात अमेरिकेत फेनफ्लुरामिन आणि फेन्टरमिन या दोन गोळ्या एकत्र घेण्याची लाट आली. दोन्हींना वेगवेगळी मान्यता होती, जोडीला नव्हती. १९९७ मध्ये मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी हृदयाच्या झडपा बिघडलेल्या २४ स्त्रियांची माहिती प्रसिद्ध केली आणि त्याच सप्टेंबरात फेनफ्लुरामिन बाजारातून गेले. पुढे सिब्युट्रामिनची पाळी आली. सुमारे १०,००० लोकांच्या चाचणीत, हृदयविकार असलेल्यांमध्ये हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांचे प्रमाण वाढल्याचे दिसले. २०१० मध्ये युरोप-अमेरिकेत आणि फेब्रुवारी २०११ मध्ये भारतात ते बंद झाले. मात्र त्यानंतरही ‘शुद्ध वनौषधी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक गोळ्यांत ते चोरून मिसळलेले सापडत राहिले.

आपल्याकडचा कायदा या बाबतीत अमेरिकेच्या जुन्या कायद्याच्या नेमका उलट आहे. आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा १९५४ चा भारतीय कायदा ज्या ५४ विकारांवरच्या उपचारांची जाहिरात करू देत नाही, त्यांत लठ्ठपणा नावानिशी नोंदलेला आहे. तरीही ‘महिन्यात दहा किलो’ची पत्रके आपल्या रेल्वेस्थानकांच्या खांबांवर आणि मोबाइलच्या पडद्यावर आहेतच. अमेरिकेत शब्दच अपुरा होता. इथे शब्द पुरेसा आहे, पण तो बजावणारे हात अपुरे पडतात.

डायनायट्रोफिनॉलही संपलेले नाही. इंटरनेटवरून ते पुन्हा तरुणांच्या हाती पडू लागले. २०१५ मध्ये इंटरपोलने १९० देशांना त्याविषयी सावध केले, तर ब्रिटनने ऑक्टोबर २०२३ पासून त्याला नियंत्रित विषांच्या यादीत घातले. दारूगोळा, औषध, विष असा एकाच पिवळ्या भुकटीचा हा शंभर वर्षांचा प्रवास.

लठ्ठपणा सौम्य मानावा असे मला सुचवायचे नाही. मधुमेह आणि हृदयविकाराशी असलेले त्याचे नाते पक्के आहे, आणि नीट पारखलेल्या औषधाची गरज असलेली माणसे आहेतच. मला या इतिहासातून एवढेच दिसते, की काट्यावरचा आकडा गोळीचा गुण सांगतो, तिची किंमत सांगत नाही. ती किंमत उशिरा कळते: डोळ्यांत, झडपांत, रक्तवाहिन्यांत. म्हणून नवी गोळी पुढे आली, की किती किलो उतरले हे विचारण्याआधी, ती किती जणांनी किती वर्षे घेतली आहे आणि त्यांच्यावर नजर कोण ठेवून आहे, हे विचारायला हवे.