मोटारगाडीतील चार्जिंग व अर्थिंगचे दोष

बॅटरी वारंवार उतरणे, सेल्फ न उचलणे, दिवे मंदावणे या तक्रारींमागचे विद्युत दोष. दोषाचे मूळ बॅटरीत, अल्टरनेटरमध्ये (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्रात) की अर्थिंगमध्ये आहे, हे व्होल्टमापनाने ठरवता येते.

१२ व्होल्टच्या शिसे-आम्ल बॅटरीत सहा सेल असतात. गाडी काही तास उभी राहिल्यावर भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. आकडा १२ च्या खाली गेला तर ती जवळपास रिकामी समजावी. इंजिन चालू होताच हा आकडा साधारणतः १३.८ ते १४.५ पर्यंत चढतो. चढला नाही तर आधी अल्टरनेटर फिरवणारा पट्टा सैल आहे का ते पाहावे, मग अल्टरनेटर उघडावा. काही नव्या गाड्यांत चार्जिंग संगणकाच्या ताब्यात असते व ते मुद्दाम कमी-जास्त होते. तिथे एका मापावरून अल्टरनेटर बाद ठरवणे चूक.

सर्वाधिक दुर्लक्ष होते ते अर्थिंगकडे. बहुतेक गाड्यांत वीज बॅटरीकडे परतते ती सांगाड्यातून; ही परतीची वाट म्हणजेच अर्थिंग. इंजिन मात्र रबरी माउंटिंगवर बसलेले असल्याने त्याला वेगळी अर्थपट्टी लागते. ती गंजली किंवा तिच्या बोल्टाखाली रंग राहिला, की चांगली बॅटरीही निकामी भासते. सेल्फ १५० अँपिअर खेचत असताना ०.०१ ओहमचा रोध दीड व्होल्ट खातो, आणि एवढा रोध साध्या मल्टिमीटरच्या ओहम-मापनात दिसत नाही. म्हणून तपासणी भाराखालीच करावी. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या ऋण खांबावर (क्लॅम्पवर नव्हे) आणि दुसरे इंजिनाच्या उघड्या धातूवर टेकवावे. त्याच वेळी दुसऱ्याने सेल्फ मारावा. ०.२ व्होल्टच्या आसपासचे माप ठीक. अर्धा व्होल्ट किंवा जास्त आला तर अर्थिंग खराब. इंडिकेटर दिल्यावर मागचे दुसरेच दिवे मिणमिणणे हीही बिघडलेल्या अर्थिंगची ओळखीची खूण. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत, उदाहरणार्थ कोकण-गोव्यात, हे जोड लवकर गंजतात.

ही तपासणी झाल्याशिवाय नवी बॅटरी घेऊ नये. दोष जोडात असेल तर तीही तशीच वागेल. जोड घासून लख्ख करताना ऋण केबल आधी सोडावी आणि शेवटी जोडावी, कारण ती जोडलेली असताना धन खांबावरचा पाना सांगाड्याला लागला तर थेट शॉर्टसर्किट होते.