रायफल दुर्बिणीवरील कोनमापे

रायफलच्या दुर्बिणीचा नेम वर-खाली किंवा डावी-उजवीकडे सरकवणाऱ्या बटणांवर ज्या खुणा असतात, त्यांची एकके. रूढ एकके दोन. मिनिट ऑफ अँगल (एमओए) हा अंशाचा ६०वा भाग, म्हणजे आपल्या ज्योतिषगणितातली ‘कला’च, मिलिरेडियन (मिल) हा रेडियनचा हजारावा भाग. एमओए इंचवाल्यांचे आणि मिल सेंटिमीटरवाल्यांचे, अशी वाटणी सर्रास केली जाते. ती चुकीची आहे. दोन्ही कोन आहेत, आणि कोनाला लांबीचे एकक नसते : १ मिल म्हणजे १,००० मीटरवर १ मीटर, तसाच १,००० यार्डांवर १ यार्ड. एमओएचे इंचाशी जुळते ते योगायोगाने, तेही तंतोतंत नाही. १०० यार्डांवर १ एमओए १.०४७ इंच भरतो. वरचा अपूर्णांक सोडून १ इंच धरला तर जवळच्या लक्ष्यावर खपून जाते. १,००० यार्डांवर ३० एमओएची दुरुस्ती करताना मात्र हिशेब १४ इंचांनी चुकतो.

एमओए अधिक बारीक, हा दावा आकड्यांपुरता खरा. बटण फिरवताना बोटांना जाणवणारी एक ‘क्लिक’ सहसा पाव एमओएची किंवा ०.१ मिलची असते. १०० मीटरवर पहिलीने नेम ७.३ मिमी सरकतो, दुसरीने १० मिमी. परंतु जवळची क्लिक निवडल्यावर उरणारी चूक फार तर अर्ध्या क्लिकची, म्हणजे दोहोंतला फरक दीड मिमीच्याही आत. बहुतेक रायफलींच्या गोळ्यांचा स्वाभाविक फैलाव याहून मोठा असतो. इंचांत विचार करणाऱ्याला एमओए सोपे, हेही म्हणतात. पण दुर्बिणीतल्या रेषांवर (रेटिकल) चूक मोजता येत असेल, तर लांबीत रूपांतर हवेच कशाला? गोळी ०.६ मिल खाली दिसली, की सहा क्लिक वर. अंतर कितीही असो. अडचण येते ती रेषा मिलमध्ये आणि बटणे एमओएत असलेल्या दुर्बिणींत, आणि अशा दुर्बिणी बरीच वर्षे विकल्या गेल्या. तिथे प्रत्येक वेळी ३.४३८ने गुणावे लागते. (आर्यभटाच्या ज्यासारणीची त्रिज्या ३,४३८ कला आहे, हा गुणक त्याच आकड्याचा हजारावा भाग.) दुर्बीण निवडताना मिल की एमओए हा वाद बाजूला ठेवून, रेषांचे आणि बटणांचे एकक एकच आहे ना, तेवढे पाहावे.